कात, चहा आणि बंदुकीचा दस्ता

बाबा पुण्याहून परदेशात माझ्याकडे, ट्रुगानिनाला आले तेव्हा त्यांच्या घराचा खड्डा झालेला होता. खराखुरा खड्डा. कोथरूडमधली आमची जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, बिल्डरने इमारत पाडली, पाया खणला आणि मग त्याचं आणि त्याच्या भागीदाराचं कशावरून तरी बिनसलं. काम थांबलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी कुणीतरी त्या खड्ड्याचा फोटो टाकायचं. बाबा तो बोटांनी मोठा करून, इकडेतिकडे सरकवून बघायचे. गेल्या रविवारपासून एखादा मजला उगवला असेल अशी त्यांची आशा असावी.

"हे बघ, आपला हॉल साधारण इथे येईल," ते मला दाखवायचे. त्या जागी हिरव्या पाण्यात प्लास्टिकची बाटली तरंगत असायची.

ठरलं असं होतं की नवा फ्लॅट मिळेपर्यंत त्यांनी माझ्याकडे राहायचं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर चार बेडरूमचं हे घर मला एकटीला उरलं होतं. कागदावर सगळं छान जुळत होतं. प्रत्यक्षात बाबा सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसायचे आणि समोरच्या घराचं गॅरेज बघायचे. गॅरेजचं दार वर जायचं, गाडी बाहेर पडायची, दार खाली यायचं. संध्याकाळी तेच उलट. मधल्या वेळात त्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नसे. बस होती, पण स्टॉपपर्यंत जायला दोन मोठे राउंडअबाउट ओलांडावे लागत आणि एका बाजूला फुटपाथच झालेला नव्हता. पार्कात आपल्याकडचे आजी-आजोबा जमायचे. बाबा एकदाच गेले. "तिथे सगळे म्हातारे एकमेकांना व्हिसाची तारीख विचारतात," म्हणाले, आणि परत गेले नाहीत.

आणि मी? मी कामावर असताना त्यांच्या जेवणाचा विचार करायची, घरी असताना कामाचा. ऑफिसनंतर कुणी थांबायचं म्हटलं की मी नाही म्हणायची. बाबांनी कधीच मला अडवलं नाही, तेच जास्त त्रासदायक होतं. अडवलं असतं तर भांडता आलं असतं. आम्ही दोघं एकमेकांना जपत त्या घरात इतकं हळू चालायचो की मला कधीकधी मोठ्याने ओरडावंसं वाटायचं.

माझी एकच गोष्ट माझी होती, ती म्हणजे शनिवारची नेमबाजी. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफल चालवली होती आणि ती मला बरी जमायची. घर रिकामं झाल्यावर शनिवार अंगावर यायला लागले, तेव्हा वेरिबी गावाच्या पलीकडचा एक रायफल क्लब शोधला, कोर्स केला, लायसन्स काढलं. पुष्कळ दिवस क्लबचीच रायफल वापरली. नवी घेणं मला परवडण्यातलं नव्हतं, घराचा हप्ता एकटीने भरत होते. मग क्लबमधल्या एका आजोबांनी डोळ्यांपायी नेमबाजी सोडली आणि त्यांची जुनी कार्बाइन विकायला काढली. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची हलकी रायफल. हिची खाली एक लिव्हर होती, ती ओढली की पुढचं काडतूस चढायचं. कुणी घेत नव्हतं म्हणून ती स्वस्तात मिळत होती आणि कुणी घेत नव्हतं कारण ती दिसायला भयंकर होती. मी परवानगी काढून, डीलरमार्फत, रीतसर घेतली.

पन्नासएक वर्षांपूर्वीची ती फॅशन असावी. दस्त्यावर नारिंगी वॉर्निशचा जाड थर, त्यावर साच्याने दाबून काढलेली पानंफुलं, आणि दस्त्याच्या टोकाला काळी प्लास्टिकची टोपी. ती टोपी आणि लाकूड यांच्या मध्ये पांढरी शुभ्र पट्टी होती, काळ्या बुटांवर पांढरे मोजे घातल्यावर दिसते तशी. नळीचा काळेपणा जागोजागी उडून तपकिरी झाला होता.

ती मी घरी आणली त्या दिवशी बाबा गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले.

"ही काय बंदूक आहे का?" ते म्हणाले. "वरातीतल्या बँडवाल्याची वाटते."

किती दिवसांनी ते आपणहून काहीतरी टोचून बोलले होते. मला बरं वाटलं.

बाबा पोलिसांच्या शस्त्रागारात कारकून होते. आयुष्यभर त्यांनी जाळीच्या खिडकीतून रायफली दिल्या, रायफली परत घेतल्या आणि सह्या घेतल्या. स्वतः एकही गोळी झाडली नाही. पण दुरुस्तीचं टेबल त्यांच्या खिडकीतून समोर दिसायचं आणि नोकरीची सगळी वर्षं ते त्या टेबलाकडे बघत बसले होते. बघितलं म्हणजे आलं, असं त्यांचं ठाम मत होतं. पोहणं, मोटार चालवणं आणि पुरणपोळी या बाबतीतही त्यांचं हेच मत होतं.

"हे वॉर्निश काढून टाकायला पाहिजे," ते म्हणाले. "आमच्याकडच्या रायफली कशा, काळसर, तेल प्यालेल्या. हात ठेवला की कळायचं लाकूड आहे. हे म्हणजे काय, चॉकलेटचा कागद."

त्यांनी हात पुढे केला आणि मी तो धरला. इथे लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातात घरी बंदूक देता येत नाही. तिजोरीची किल्लीही माझ्याजवळच राहायला हवी आणि ती कुठे असते हे त्यांना माहीत असता कामा नये. मला वाटलं, आता ते दुखावणार. पण बाबांचा चेहरा उजळला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "खिडकीच्या आत कुणी यायचं नाही. डीएसपी आला तरी नाही."

शनिवारी मी क्लबच्या सेक्रेटरींना विचारलं. ते सत्तरीचे गृहस्थ, कुठल्याही प्रश्नाला आधी आकाशाकडे बघायचे. "द वूड्स फाइन, डार्ल," ते म्हणाले. "सुटा केलेला दस्ता नुसतं लाकूड आहे. मेटल मात्र नो वे." मी घरी येऊन दस्ता आणि नळीखालचा लाकडी तुकडा सोडवला, लोखंडाचा सगळा भाग तिजोरीत बंद केला आणि लाकूड बाबांच्या हातात दिलं. तेव्हापासून आमच्या घरात वाटणी झाली. लाकूड बाबांचं, लोखंड माझं. मी गॅरेजमध्ये नळी साफ करायला बसले की बाबा प्लास्टिकची खुर्ची बरोबर उंबऱ्याबाहेर मांडायचे आणि तिथून सूचना द्यायचे. पाय आत येतोय असं वाटलं तर स्वतःच मागे घ्यायचे.

वॉर्निश उतरवायला मी हार्डवेअरच्या दुकानातून केमिकल आणणार होते. बाबांनी ते उडवून लावलं. आपल्याकडचे सुतार काचेच्या तुकड्याने जुनं पॉलिश खरवडतात, तसंच करायचं. मी कामावरून आले तर मागच्या अंगणात वर्तमानपत्र पसरून बाबा बसलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि दस्त्यावरून नारिंगी भुसा निघत होता.

"काच कुठून मिळाली?"

"तुझ्या लग्नाच्या फोटोची," ते म्हणाले. "फोटो तू आधीच काढून टाकला होतास. फ्रेम नुसती पडून होती."

मी आत जाऊन चहा ठेवला.

पुढचे काही आठवडे चांगले गेले, हे सांगितलं पाहिजे, कारण बाकीचं ऐकून असं वाटेल की आम्ही सतत कुढत होतो. बाबा इस्त्रीचा शर्ट सोडून जुना टी-शर्ट घालायला लागले. यूट्यूबवर दाढीवाले अमेरिकन बघायचे आणि मला जेवताना सांगायचे, "तो सारखा 'गाईज' म्हणतो ना, त्याचं म्हणणं वेगळं आहे." आतून निघालेलं लाकूड फिकट होतं, स्वस्तातलं, वर्षानुवर्षं त्या वॉर्निशखाली लपवलेलं. साच्याची पानंफुलं घासून घासून पुसली. राहिला रंग.

रंगासाठी बाबांनी मला इंडियन शॉपमधून कात आणायला सांगितला. पानातला कात. शस्त्रागारातला कारागीर लाकडाला कातच लावायचा, असं ते म्हणाले, आणि ते खरं असावं, कारण काताचं पाणी उकळून लावल्यावर त्या फिकट लाकडावर सुंदर बदामी रंग चढला. मी खूश झाले. बाबा नाहीत.

"रंग पक्का करायला पाहिजे," ते म्हणाले. "त्याच्यात तो चिमूटभर काहीतरी टाकायचा."

ते काहीतरी म्हणजे काय, हे त्यांना खिडकीतून दिसलं नसावं. कात म्हणजे चुना, असा त्यांनी हिशेब केला. तळहातावर तंबाखूचा चुना जसा मळतात तसा मळून काताच्या पाण्यात घातला आणि संपूर्ण दस्त्यावर एक हात मारला. मी अंगणात आले तेव्हा दस्ता लालभडक झाला होता. तोंडात पान रंगतं ना, नेमका तो रंग. आणि ब्रश जिथे जिथे टेकला तिथे ओघळ. सरकारी कचेरीच्या जिन्याचा कोपरा कुणीतरी कापून आणल्यासारखा तो दिसत होता.

मी हसायला लागले. मला आवरेचना. घर रिकामं झाल्यापासून मी तशी हसले नव्हते. पोट धरून खाली बसले आणि म्हणाले, "बाबा, आता त्यावर 'येथे थुंकू नये' लिहा."

बाबा हसले नाहीत. त्यांनी दस्ता वर्तमानपत्रावर ठेवला, हात पुसले आणि आत गेले. जेवायला हाक मारली तर आले नाहीत. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते, हाताची बोटं अजून लाल होती.

"मला परत जायचंय," ते म्हणाले.

"कुठे? खड्ड्यात?"

"भाड्याची खोली घेईन. सोसायटीतले बाकीचे राहतातच ना आसपास. सगळे त्याच गल्लीत आहेत, दोन मिनिटांच्या अंतरावर. डबा लावीन."

"आणि आजारी पडलात तर? पडलात बाथरूममध्ये तर? मी इथून येईपर्यंत कोण?"

"पडलो तर पडलो."

"काही नाही जायचं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "घर तयार होईल तेव्हा जा. तोपर्यंत इथे काय कमी आहे तुम्हाला?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं. त्या खोलीची खिडकी कुंपणाकडे उघडते, हात लांब केला तर फळ्या लागतील इतकं जवळ. "काही कमी नाही," ते म्हणाले. "म्हणून तर सांगता येत नाही."

मी दार ओढून बाहेर आले. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त धसका बसला होता. मुलगी म्हणून माझं बरोबरच होतं. कुणालाही विचारलं असतं तरी तो माझ्याच बाजूने बोलला असता. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला खड्ड्याशेजारी एकटं कोण पाठवील? तरी त्या दिवसापासून घर आणखी लहान वाटायला लागलं. बाबा बसले असतील त्या खोलीत मला बसवेना आणि ते नसतील त्या खोलीतही बसवेना.

दस्ता तसाच लाल पडून राहिला असता. मीच तो घेऊन एका रविवारी त्यांच्यासमोर बसले. मला आईच्या मेंदीची आठवण झाली होती. आई केसांना मेंदी लावायची तेव्हा ती लोखंडी कढईत भिजवायची, चहाच्या कडक पाण्यात, आणि त्यात कात टाकायची. लोखंडामुळे काळपट रंग येतो, हे आमच्याकडे सगळ्या बायकांना माहीत होतं.

"चुना नव्हे, लोखंड," मी म्हणाले. "तुमचा कारागीर लोखंडाचा कीस टाकत असणार."

"त्याच्या टेबलावर एक गंजलेली वाटी असायची खरी," बाबा म्हणाले, आणि उठून काच शोधायला गेले.

लाल रंग उतरवताना त्यांनी आणखी एक काम काढलं. दस्ता मला लांब होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. क्लबमधले फोटो बघून म्हणाले, "मान अशी ताणून का बसतेस? ही उंच माणसाची बंदूक आहे." त्यांनी मला कोपर वाकवून उभं केलं, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि माझं बोट कुठपर्यंत पोचतं ते पेन्सिलने खुणावलं. सेक्रेटरींना विचारून मी होकार दिल्यावर त्यांनी करवतीने दस्त्याचा तेवढा तुकडा कापला. पांढरी पट्टी आणि प्लास्टिकची टोपी केराच्या डब्यात गेली. त्या जागी जुन्या पट्ट्याच्या चामड्याचा तुकडा बसवला. गाल टेकतो तिथे त्यांनी कानशीने थोडं थोडं खाली आणलं, मला पुन्हा पुन्हा हाक मारून, गाल टेकवायला लावून. मी घरून ऑनलाइन मीटिंगमध्ये असले तर ते दाराशी दस्ता घेऊन उभे राहायचे. माझ्या मॅनेजरने एकदा विचारलं की तुझ्यामागे तो माणूस काय धरून उभा आहे. मी सांगितलं, लाकूड.

मग कढईत चहा, कात आणि स्टील वूल, म्हणजे लोखंडी तारांचा बोळा. या वेळी रंग आला. काळा नव्हे, तपकिरी नव्हे, खोलवर भरलेला. मेंदी लावल्यावर आईच्या अंबाड्याला यायचा तसा.

आता फक्त तेल द्यायचं होतं. म्हणजे दोनचार दिवसांचं काम. आणि इथूनच ते काम संपेना.

आधी बाबांनी खायचं जवसाचं तेल लावलं. लाकडाला जवसाचं तेल लावतात हे बरोबर, पण ते वेगळं, वाळणारं. खायचं तेल आठवडा झाला तरी चिकटच. आमच्या मागे नव्या घरांचं बांधकाम चालू होतं, वारा सुटला की सगळी माती आमच्याकडे. दस्ता वाळूचे लाडू वळल्यासारखा झाला. पुन्हा खरवडा, पुन्हा रंग. मग मी दुकानातून बरोबर तेल आणलं, ते नीट वाळलं, आणि माझ्या मते दस्ता झाला. मी नळीही काळी करून ठेवली होती. बाबांनी दस्ता उजेडात धरला आणि म्हणाले, "इथे डाग आहे."

"कुठे?"

"हा काय."

मला दिसेना. मी चष्मा लावून बघितलं, टॉर्च मारून बघितलं. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर त्यांनी पुन्हा काच चालवली होती.

असं आणखी दोनदा झालं. दरवेळी नवा डाग, दरवेळी मला न दिसणारा. आता मला खरी काळजी वाटायला लागली. डोळ्यांचा दोष आहे की डोक्याचा? डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नजर तपासली, ठीक आहे म्हणाले. कामावर मी हसून सांगायची की बाबांना एक छंद लागलाय, सुटतच नाही. पण आतून मी निश्चिंत होते, हेही खरं. जोपर्यंत ते काम चालू होतं तोपर्यंत परत जायचा विषय निघत नव्हता. त्यांना गुंतवून ठेवायला मी किती चांगली गोष्ट शोधून काढली, असं मी स्वतःचं कौतुक करायची आणि नवा सँडपेपर आणून द्यायची. घासण्याचा आवाज मागच्या अंगणातून घरभर यायचा. कधी त्याने जीव नकोसा व्हायचा आणि तो थांबला की मी दचकून खिडकीशी जायची.

मग एका सकाळी बाबांच्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये हार घातलेला फोटो आला. समोरच्या दाराचे काका. चाळीस वर्षांचा शेजार, एकमेकांच्या घरच्या किल्ल्या एकमेकांकडे असायच्या. भाड्याच्या खोलीतच गेले, नवं घर न बघता. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. बाबांनीही शोधून एक टाकलं. त्यांना त्याहून जास्त काही करता येण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी ते खिडकीशी बसले नाहीत. अंगणात गेले, दस्ता पुसला आणि तेलाचा पहिला हात दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा. मी डागाबद्दल विचारलं तर म्हणाले, "कसला डाग?" आठवड्याच्या शेवटी त्यांनी दस्ता आणि पुढचा तुकडा पंच्यात गुंडाळून गॅरेजच्या उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरकले. मी लोखंड बाहेर काढून सगळं जोडलं. ती कार्बाइन आता शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी प्रेमाने केलेली वाटत होती.

शनिवारी मी त्यांना क्लबवर घेऊन गेले. तिथे देखरेखीखाली त्यांना ती हातात घेता येणार होती. सेक्रेटरींनी कागद पुढे केला आणि बाबांनी सही केली. सही करताना ते जरा ताठ बसले. मग त्यांनी कार्बाइन हातात घेतली, तोलली, खांद्याला लावली. दस्ता त्यांना फारच आखूड होत होता, अंगठा नाकावर येत होता.

"ब्यूटिफुल जॉब, मेट," सेक्रेटरी म्हणाले.

"माय डॉटर्स साइझ," बाबा म्हणाले आणि ती माझ्याकडे दिली. सेक्रेटरींनी आग्रह केला तरी त्यांनी गोळी झाडली नाही.

मी पालथी पडून नेम धरला. गाल टेकवला तर गाल बसला. मान ताणावी लागली नाही, काहीच शोधावं लागलं नाही. मी इतकं चांगलं कधीच मारलं नव्हतं. बाबा मागे दुर्बिणीतून बघत होते आणि प्रत्येक गोळीनंतर मराठीत "हं" म्हणत होते.

परत येताना वेरिबीच्या बाहेर, दोन्ही बाजूंना रिकामी शेतं असताना, ते म्हणाले, "झालं एकदाचं. आता माझं तिकीट काढ."

मला वाटलं होतं त्यापेक्षा शांतपणे म्हणाले. मी नेहमीचं सगळं सुरू केलं. खोली कोण शोधणार, औषधं, बाथरूम, पडलात तर. ते ऐकत होते. मी गाडी कडेला घेतली, कारण समोरचं नीट दिसेना.

"मला भीती वाटते, बाबा," मी म्हणाले. "तुमच्यासाठी नाही. मला त्या घरात एकटीला राहायची भीती वाटते."

हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. शनिवारच्या क्लबमध्ये नाही, मैत्रिणींना नाही. स्वतःशीसुद्धा नाही.

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "आलो त्या आठवड्यातच कळलं. म्हणून तर त्या दस्त्याचा रंग इतक्या वेळा उतरवला. डाग नव्हता कुठे."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते, दोन्ही हात मांडीवर. नखांच्या कडांना कात अजून होता.

"मला वाटलं, मी तुम्हाला कामाला लावलंय," मी म्हणाले.

"तेही बरोबर आहे."

"मग आता? आता मला भीती वाटणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

"वाटेल," ते म्हणाले. "पण आता मलाही वाटायला लागलीय. मी पोचेन तेव्हा तिकडे माझ्या ओळखीचं कुणी उरलेलं असेल की नाही, याची. तुझ्यासाठी आणखी थांबलो असतो गं. पण आता नाही जमत."

त्यांनी हे अगदी अपराध्यासारखं सांगितलं. मी रडले, मोठ्याने, वर्षानुवर्षं त्या घरात रडले नव्हते तशी. ते मला थोपटत राहिले. मग म्हणाले, "ए सी लाव, उकडतंय."

मी ए सी लावला, डोळे पुसले आणि तिथेच फोन काढला. तिकिटाच्या साइटने विचारलं, एकेरी की परतीचं. मी बाबांना विचारलं नाही. एकेरीवर बोट ठेवलं.